कच्छच्या पोटात काय आहे?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यान)



बडोदेकरांना तेलाची ओळख नव्याने करून द्यायला नको. १९५८ साली खंभातजवळ लुणेजला तेल लागले, १९६० मध्ये अंकलेश्वरला, आणि १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या, आमच्याही.

आम्ही भूवैज्ञानिक मंडळी मात्र काही वर्षे कच्छमध्ये हिंडलो. खंभात आणि कच्छ, दोन्ही खोरी जमीन ताणली जाऊन, भेगा पडून खचलेली. मग एकात तेल भरपूर, आणि दुसऱ्यात समुद्राखाली वायू मिळाला तरी जमिनीवर अजून व्यापारी साठा का नाही?

खोऱ्याला आम्ही पाच प्रश्न विचारतो. सेंद्रिय द्रव्य असलेला गाळ आहे का? त्याला पुरेशी उष्णता मिळाली का? हे उकडीच्या मोदकासारखे आहे. आच कमी पडली तर कच्चे, जास्त झाली तर तेलाचा वायू होतो. तेल मुरायला सच्छिद्र वाळूचा दगड आहे का? ते अडवणारा घुमट आहे का? आणि वर घट्ट झाकण? आपली शाडूची माती पाणी सहजी झिरपू देत नाही. तसाच चिकणमातीचा दगड हे झाकण होतो.

कच्छमध्ये ज्युरासिक काळात समुद्र होता. तिथल्या डोंगरांत शंखांसारखे अमोनाइट आजही सापडतात. वाळूचे दगड आहेत, चिकणमातीचे आहेत, आणि झुरा, हाबो असे मोठे घुमट तर डोळ्यांना दिसतात. तरुणपणी आम्ही तो घुमट पाहून हरखलो होतो. "इथेच खणू या!" आमच्या ज्येष्ठांनी एवढेच विचारले, "हा घुमट वर आला कधी?"

तिथेच आमचा उत्साह ओसरला. खचलेले कच्छ पुढे दाबले जाऊन पुन्हा उचलले गेले. २००१ चा भूकंप त्याच दाबाची आठवण आहे. तेल आधी वाहून गेले आणि घुमट नंतर उभा राहिला, तर त्यात काय साठणार? शिवाय या घुमटांचे माथे झिजून आतले थर उघडे पडले आहेत. म्हणजे घागर आहे, पण फुटकी. म्हणून शोध डोंगरांवर नव्हे, तर बन्नीच्या सखल भागाखाली आणि समुद्राकडे घ्यायला हवा. दक्षिणेला तर लाव्हाच्या कातळाखालचे चित्र कंपनलहरींनाही धूसर दिसते.

आता हिशेब पाहा. चार अटी असतील आणि प्रत्येकीची शक्यता निम्मी धरली, तर चारही एकदम जुळण्याची शक्यता शंभरात जेमतेम सहा. एकही अट चुकली की विहीर कोरडी. म्हणून अहवालात "आशा आहे" लिहिणे सोपे, "अजून खणू नका" लिहिणे अवघड. पैसा जनतेचा असतो, आणि साहेबांना उत्तर होकारार्थी हवे असते. आम्हीही एकदा मोह आवरला नाही. विहीर कोरडी गेली. पण तिच्यातल्या दगडांनी उष्णतेचा प्रश्न आम्हाला नव्याने शिकवला.

इथल्या मुलामुलींपैकी कोणी भूविज्ञानाकडे वळले, तर कच्छ त्यांची वाट पाहते आहे. घुमट दिसला की आधी त्याचे वय विचारा. उत्तर नकोसे आले तरी ते जसेच्या तसे लिहा.

गणपती बाप्पा मोरया!