मेणाची इस्त्री



गुलमर्गच्या हिमाच्छादित उतारांवर स्की किंवा स्नोबोर्ड घेऊन जाणाऱ्या हौशी मंडळींस एक अर्ज आहे :
फळीचा तळ मेणावाचून ठेवू नका.

तळ असतो पॉलिथिनचा.
घर्षणाने बर्फ किंचित वितळून पाण्याचा जो सूक्ष्म थर निर्माण होतो,
तो तळास चिकटून वेगास अटकाव करू नये,
एतदर्थ हे मेण.

कडाक्याच्या थंडीत कठीण मेण;
ओलसर बर्फावर मऊ.

प्रथम तळ पुसावा.
मग बेताने तापलेल्या इस्त्रीला मेणाची वडी टेकवून थेंब पाडावेत,
आणि इस्त्री कोठेही न थांबविता ते सर्वत्र पसरावेत;
धूर निघाला, तर इस्त्री फाजील तापली असे खुशाल समजावे.

फळी पूर्ण निवाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने मेण खरवडावे, ब्रश फिरवावा.
इतक्या कष्टाने लावलेले मेण काढावयाचे कशाला, असे नवख्यास वाटते;
परंतु कामास येते ते तळात मुरलेले मेण, वर साचलेले नव्हे.

पुन्हा सांगतो : तळ मेणावाचून ठेवू नका.

पोलादी कडा मात्र दररोज कोरड्या पुसा, नाहीतर गंज धरलाच.

मोसम सरल्यावर जाड मेण लावून फळी तशीच ठेवावी;
ते खरवडावयाचे पुढील हिवाळ्यात.