बैलाचे दात बघणारा शेतकरी सल्ला डोळे मिटून का घेतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



संघटनेच्या व्यासपीठावरून आजवर आम्ही विक्रीबद्दल बोलत आलो. कापसाला काय भाव, ज्वारीला काय भाव, बाजार समितीत काटा कसा मारतात. ते बोलणे थांबणार नाही. पण आज खरेदीबद्दल बोलायचे आहे. कापूस आपण वर्षातून एकदोनदा विकतो, विकत मात्र वर्षभर घेतो. बियाणे आणि खत या वस्तू झाल्या. त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरची पेरणी, फवारणीचा सल्ला, पीकविमा, कर्ज हेही घेतो. या सेवा. दुकानाच्या पाटीवरसुद्धा ‘कृषी सेवा केंद्र’ असेच लिहिलेले असते. ही सेवा आपण निवडतो कशी?

बैलबाजारात आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. दोन बाजार फिरतो, मगच रुमालाखाली हात जातो. तोच माणूस कृषी केंद्रात जाऊन विचारतो, “भाऊ, पात्या गळायला लागल्या, काय मारू?” समोरचा दोन बाटल्या काढून ठेवतो, वहीत नाव लागते, पाच मिनिटांत व्यवहार संपतो. बैलबाजारातले शहाणपण गेले कुठे? ते कुठेही गेले नाही. इथला मालच वेगळा आहे.

माल तीन तऱ्हेचा असतो. पहिला, घेण्याआधी पारखता येतो, जसा बैल. दुसरा, वापरल्यावर कळतो, जशी ट्रॅक्टरची पेरणी. खोल झाली की वर झाली, हे उगवण दिसल्यावरच समजते. तिसरा, वापरल्यावरही नक्की कळत नाही, जसा फवारणीचा सल्ला. पातेगळ थांबली ती बाटलीने थांबली, की ढग हटून ऊन पडले म्हणून थांबली? पाण्याचा ताण, साचलेले पाणी, ढगाळ हवा, यांनीही पाती गळतात. औषध मारले नसते तर काय झाले असते, हे कोणी पाहिलेले नसते. म्हणून सल्ला चुकला तरी सल्लागार चुकत नाही. पुढच्या वर्षी आपण त्याच्याकडेच जातो.

सेवेचे आणखी एक आहे. ती हातात धरता येत नाही, पोत्यात भरून ठेवता येत नाही, पटली नाही तर परत करता येत नाही. वाफसा गेल्यावर दारात आलेला ट्रॅक्टर काय कामाचा? आणि माल दिसत नसला की माणूस माल देणाऱ्याकडे बघतो. दुकान मोठे आहे का, बोलणे गोड आहे का, शेजाऱ्याने काय नेले, कंपनीच्या मेळाव्यात जेवण काय होते. विकणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. रस्त्याकडेच्या निवडक प्लॉटवर गाड्या भरून पीक दाखवायला नेतात ते उगीच नाही. त्या प्लॉटची जमीन कसली, पाणी किती दिले, हे पाटीवर लिहिलेले नसते. तुमचे रान कोरडवाहू आणि मुरमाड.

त्याहून मोठी गोष्ट उधारीची. पुस्तकात लिहिलेले असते की ग्राहक आधी गरज ओळखतो, माहिती काढतो, तुलना करतो, मग घेतो. ज्याच्या खिशात रोकड आहे त्याचे हे वर्णन आहे. जून महिन्यात रोकड नसते. जो उधार देतो तोच वाण ठरवतो, तोच औषध ठरवतो आणि दरही तोच लावतो. आमच्यासारखे कृषी पदवीधर गावोगाव जाऊन ‘योग्य वाण निवडा’ सांगत राहिले. निवडायची मोकळीक आहे का, हे आम्ही विचारलेच नाही. ही आमची चूक होती.

चुकीच्या सल्ल्याची किंमत पैशातच मोजायची असेही नाही. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

आता विम्याकडे या. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ ची. खरीप ज्वारीला शेतकऱ्याचा हिस्सा जास्तीत जास्त २ टक्के, रब्बी ज्वारीला दीड टक्का, कपाशीला ५ टक्के. महाराष्ट्रात २०२३ पासून एक रुपयात विमा मिळत होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खिशातून पैसे जाणार, तर काय विकत घेतो ते कळले पाहिजे.

आपल्याला वाटते, आपण आपल्या शेताचा विमा काढला. उत्पादनातल्या घटीची भरपाई मात्र मंडळाच्या सरासरीवर ठरते. मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. समजा सरासरी हेक्टरी १० क्विंटल कापूस आणि जोखीमस्तर ७० टक्के. उंबरठा झाला ७ क्विंटल. पीककापणी प्रयोगात मंडळाची सरासरी ७ निघाली, तर तुमचे रान रिकामे असले तरी या कलमाखाली काही नाही. ४.२ निघाली तर विमा रकमेच्या ४० टक्के. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: आमच्या मंडळाचा उंबरठा किती? यंदा कोणत्या जोखमी अधिसूचित आहेत? आणि कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर हजर राहा. तुमच्या मालाचे वजन त्या दिवशी होते.

मग करायचे काय? चार कामे सांगतो.

पहिले, सल्ल्याची परीक्षा आपल्याच रानात घ्या. टॉनिक मारायचे असेल तर चार तास न मारता सोडा आणि वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोला. वेचणी मायबहिणी करतात, तेव्हा हिशेबही त्यांच्याकडेच ठेवा.

दुसरे, दुकानात जाण्याआधी रानात जा. गुलाबी बोंडअळीसाठी २० हिरवी बोंडे तोडून फोडा. दोनांत अळी सापडली तर १० टक्क्यांची मर्यादा गाठली, फवारणीचा विचार करा. एकातही नसेल तर बाटली दुकानातच राहू द्या.

तिसरे, पक्के बिल घ्या, त्यावर लॉट क्रमांक लिहून घ्या. पिशवी लेबलसकट ठेवा. उगवले नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे लगेच लेखी तक्रार करून पंचनामा करून घ्या. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले. सगळे बी पेरले, नमुना ठेवला नाही, एवढ्यावर तक्रार मरत नाही, हेही त्याच निकालात आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पण कच्च्या चिठ्ठीवर यातले काहीच उभे राहत नाही.

चौथे, एकट्याने उधारी उचलू नका. दहा घरांनी मेमध्येच यादी करावी, बँकेचे पीककर्ज वेळेत उचलावे आणि तीन दुकानांत रोखीचा दर विचारावा. एकटा गेला तर दुकानदार त्याला पिशवी देतो. दहा मिळून गेलात तर आधी भाव सांगतो.

भाव मागणारी संघटना आपण उभी केली. आता घेताना प्रश्न विचारणारी व्हायची. बैलाचे दात बघायला आपल्याला कोणत्या शाळेने शिकवले नव्हते. हेही जमेल.