पकडल्यानंतरची परीक्षा



मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी कक्षाची पथके घाटकोपर आणि कांदिवली येथेही आहेत. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या दाट वस्तीत पुड्या विकणारा इसम पकडणे कठीण खरेच. परंतु खरी परीक्षा त्याला पकडल्यानंतर सुरू होते.

पूर्वी १९३० च्या कायद्याखाली अशा व्यापाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल फार तर तीन वर्षांची शिक्षा होई. ब्राउन शुगरच्या टोळ्यांच्या दृष्टीने ती धंद्यातील किरकोळ तूटच होती. म्हणून १४ नोव्हेंबर १९८५ पासून नवा, कठोर अधिनियम अमलात आला. मात्र तो पदार्थांच्या यादीवर उभा आहे. यादीत नाव नाही, तर गुन्हाही नाही. याचा प्रत्यय उपनगरांना मेफेड्रोनच्या बाबतीत आला. एम. डी. किंवा ‘म्याऊ म्याऊ’ या नावांनी तरुणांमध्ये पसरलेले हे द्रव्य फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचना निघेपर्यंत यादीत नव्हते. तोवर पुडी हाती लागूनही पोलिसांना या अधिनियमाखाली गुन्हा नोंदविता येत नसे. विक्रेत्यालाही ते पुरते ठाऊक होते!

आज मेफेड्रोनची दोन ग्रॅमपर्यंतची मात्रा अल्प, तर पन्नास ग्रॅमहून अधिक मात्रा व्यापारी समजली जाते. व्यापारी मात्रेस दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी असून जामीन मिळणे अतिशय दुष्कर असते. शिक्षा एवढी कडक, म्हणून कार्यपद्धतीही तितकीच काटेकोर. मिळालेली खबर लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडती घेण्याचा हक्क संशयितास आधी सांगावा लागतो. १९९९ च्या बलदेवसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तसे बजावले. जप्त मालाचे नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर घ्यावेत, असे २०१६ च्या मोहनलाल प्रकरणात, तर तपास अधिकाऱ्यापुढील कबुली पुरावा ठरत नाही, असे २०२० च्या तोफानसिंग प्रकरणात ठरले. पंचनाम्यातील एका चुकीने महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया जाते, ही तक्रार खोटी नाही. परंतु गर्दीच्या गल्लीत एखाद्याच्या खिशात पुडी सारणे किती सोपे, हेही विसरता येत नाही. ही बंधने निरपराध्याचीही ढाल आहेत.

काळजीपूर्वक तपास कोठवर जातो, हे २०२३ मध्ये दिसले. अंधेरी पूर्वेकडील साकीनाका पोलिसांनी किरकोळ विक्रीचा धागा धरला आणि ऑक्टोबरमध्ये ते नाशिकजवळच्या शिंदे गावातील मेफेड्रोनच्या कारखान्यावर पोहोचले. शंभर किलोहून अधिक माल तेथे हाती आला. विक्रेत्याला कोठडीत टाकून तपास थांबला असता, तर कारखाना चालूच राहता.

व्यसनात अडकलेल्या मुलाचा प्रश्न मात्र निराळा. केवळ सेवन किंवा अल्प मात्रा एवढाच आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर कलम ६४-अ अन्वये त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते.