जुन्या दप्तराचे जतन : स्कॅनर अडल्यास काय करावे?



रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, पोलादपूर आणि खेड यांच्या मधोमध कशेडीचा घाट उभा आहे. सह्याद्रीच्या या उतारावर पावसाळ्याचे चार महिने पाऊस अक्षरशः कोसळतो. शेतीला तो जीवन देतो. गावच्या दप्तराचा मात्र तो वैरी ठरतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुराने महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा मनुष्यहानीपुढे कागदांचे मोल ते काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपत्ती ओसरल्यावर वारसनोंद, घराची आकारणी किंवा मुलाच्या जातीचा दाखला यांसाठी माणूस कचेरीत येतो, तेव्हा भिजून गेलेल्या एकेका पानाची किंमत कळते.

शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही, ग्रामसभेचे इतिवृत्त, आकारणीचा नमुना आठ, क्वचित मोडी लिपीतील एखादे जुने बाड, ही गावाची स्मृती होय. या स्मृतीची प्रतिमा घेऊन ती सुरक्षित ठेवण्याचे साधन म्हणजे स्कॅनर. अमेरिकेत १९५७ साली रसेल कर्श यांनी संगणकात उतरविलेले पहिले छायाचित्र अवघे १७६ गुणिले १७६ बिंदूंचे होते. आज साध्या कचेरीतील यंत्र ए-फोर आकाराच्या पानाचे ८७ लाख बिंदू टिपते. साधन एवढे समर्थ झाले आहे. अडचण उद्भवते ती बहुधा वेगळ्याच ठिकाणी.

दोष यंत्रात की दुभाष्यात?

समजा, एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक जुने रजिस्टर काचेवर ठेवतात, संगणकावर फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर उघडतात आणि ‘इम्पोर्ट’ ही आज्ञा देतात. पडद्यावर उत्तर येते, ‘स्कॅनर सापडला नाही.’ यंत्र बिघडले, असा समज होतो. ते गाडीत घालून महाडला किंवा घाट ओलांडून खेडला दुरुस्तीसाठी धाडले जाते आणि रजिस्टर पुन्हा कपाटात जाते. पुष्कळदा यंत्र सुस्थितीत असते. मधला दुभाषा तेवढा गैरहजर असतो.

स्कॅनर आणि सॉफ्टवेअर यांची भाषा एक नाही. दोघांमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा कार्यक्रम दुभाष्याचे काम करतो. या दुभाष्यांचे दोन प्रमुख संप्रदाय आहेत. १९९२ साली पुढे आलेली ‘ट्वेन’ ही पद्धती आणि २००० साली विंडोजबरोबर आलेली ‘डब्ल्यू. आय. ए.’ ही पद्धती. जुन्या यंत्रांचे ट्वेन ड्रायव्हर प्रायः ३२ बिटचे असतात, तर आजची संपादनाची सॉफ्टवेअरे ६४ बिटची. ६४ बिटच्या सॉफ्टवेअरला ३२ बिटचा ट्वेन ड्रायव्हर आपल्या पोटात घेता येत नाही. म्हणून यंत्र समोर असूनही ते यादीत दिसत नाही. फोटोशॉपच्या बाबतीत तर ट्वेनची जोडणी अलीकडच्या आवृत्त्यांत आपोआप बसत नाही, ती निराळी बसवावी लागते. संगणक नवा आणि स्कॅनर जुना, अशी स्थिती असेल तेथे प्रथम ही शंका घ्यावी.

तपासणीचा क्रम

हाताजवळच्या गोष्टीपासून आरंभ करावा. यंत्राला वीज मिळते काय, तार दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे काय, हे पाहावे. तार मधल्या जोडखोक्यातून नेली असल्यास ती काढून थेट संगणकाला जोडावी. वीज जाऊन-येऊन झाल्यावर यंत्र आणि संगणक दोन्ही बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावीत. काही सपाट स्कॅनरांना वाहतुकीसाठी कुलूपखटका असतो, तो उघडलेला असावा. बहुउद्देशीय यंत्र असेल तर त्यावरच एका कागदाची झेरॉक्स काढून पाहावी. ती निघाली, तर दिवा, काच आणि आतील सरकता भाग ठीक आहेत, असे समजावे.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर बाजूस ठेवून, विंडोजमधील ‘स्कॅन’ या साध्या कार्यक्रमातून किंवा यंत्राबरोबर मिळालेल्या कार्यक्रमातून एक पान घ्यावे. पान आले, तर यंत्र, तार आणि ड्रायव्हर निर्दोष आहेत. खोट संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे किंवा त्याच्या जोडणीत आहे. पान आले नाही, तर संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ दवडू नये. तार आणि ड्रायव्हर यांकडेच लक्ष द्यावे. जुना ड्रायव्हर काढून उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरील, आपल्या विंडोजला अनुरूप असा ड्रायव्हर बसवावा. अनोळखी संकेतस्थळावरून तो कदापि घेऊ नये.

काही लहान कारणेही मोठा खोळंबा करतात. दुसरा एखादा कार्यक्रम स्कॅनर अडवून बसलेला असतो. स्कॅनची खिडकी मुख्य खिडकीच्या मागे दडलेली असते. कागद काचेवर असतो आणि सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘फीडर’ निवडलेला असतो. स्कॅनर वाय-फायवर असेल, तर वीज गेल्यानंतर त्याचा जाळ्यावरील पत्ता बदललेला असू शकतो. अशा वेळी तारेने जोडून पाहावे.

प्रतिमा अर्ध्यावर अडकत असेल, तर मोजमाप तपासावे. ए-फोर पान ३०० डी. पी. आय. वर रंगीत घेतल्यास सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. ६०० वर हाच आकडा १०४ च्या घरात जातो. अल्प स्मृतीच्या संगणकाला तो भार पेलत नाही. नोंदवहीच्या पानाला ३०० पुरेसे आहे. ६०० छोट्या छायाचित्रांसाठी राखून ठेवावे.

काम थांबवू नये

एवढे करूनही ‘इम्पोर्ट’ चालले नाही, तरी जतनाचे काम अडण्याचे कारण नाही. स्कॅनरच्या स्वतःच्या कार्यक्रमातून पान घ्यावे, ते ‘टिफ’ स्वरूपात फोल्डरमध्ये साठवावे आणि नंतर फोटोशॉप, जिम्प किंवा अन्य सॉफ्टवेअरमध्ये ‘उघडा’ ही आज्ञा द्यावी. प्रतिमेच्या दर्जात यामुळे काहीही उणे येत नाही. थेट आयात ही सोय आहे. ती अपरिहार्य नाही.

मूळ कागदाविषयी मात्र दक्षता हवी. जीर्ण पान फीडरमधून कधीही ओढू देऊ नये. बांधीव वही काचेवर दाबून तिचा कणा मोडू नये. ओलसर पान सावलीत वाळवूनच घ्यावे. घेतलेली पहिली प्रतिमा जशीच्या तशी राखावी. उजळपणा वा कडा यांचे संस्करण तिच्या दुसऱ्या प्रतीवरच करावे. शासकीय नोंदीतील एक अक्षरही ‘स्वच्छ’ करण्याच्या हेतूने पुसणे हा नोंदीशी केलेला फेरफारच होय. प्रतिमांचा एक संच कचेरीत आणि दुसरा गावाबाहेर सुरक्षित जागी ठेवावा. पूर एकाच वेळी दोन्ही ठिकाणी येत नाही.

प्रतिमा झाली म्हणजे मूळ दप्तर निकामी झाले, असे नव्हे. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने मान्यता दिली आहे आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने तो पुराव्यात दाखल करण्याच्या अटी घालून दिल्या आहेत. तरीही मूळ अभिलेख नष्ट करण्याचा अधिकार त्यातून कोणास मिळत नाही. मूळ पान आणि प्रतिमा ही परस्परांची राखण आहेत.

बंधुभगिनींनो, स्कॅनर अडला म्हणून रजिस्टर कपाटात परत ठेवण्यापूर्वी तार, साधा कार्यक्रम आणि ड्रायव्हर हे तीन टप्पे क्रमाने पाहावेत. या तपासणीला फार वेळ लागत नाही. मृगाचा पाऊस आपल्या सवडीची वाट पाहत नाही. उन्हाळ्यात घेतलेले एक पान उद्या एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश किंवा एखाद्या वृद्धेचे घर तिच्या नावे राखू शकेल. प्रत्येक शाळेने आणि पंचायतीने आपल्या दप्तरातील सर्वांत जीर्ण वहीपासून या कामाला आरंभ करावा, हीच अपेक्षा.