आधी ‘डॉ.’ की आधी रुग्ण?

यशवंतपूर स्टेशनवर उतरले तेव्हा पीएच.डी.ची जागा हातात होती. बाबा गावभर सांगत होते, “पोरगी डॉक्टर होणार!”

पीजीतल्या सीनियर ताईनं विचारलं, “संशोधन करायचंय की उपचार?”

मला उपचार करायचे होते. मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण लागतं. नुसती संशोधनाची पीएच.डी. पुरत नाही. जागा सोडली. बाबा दोन महिने बोलले नाहीत.

तुम्ही प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का? रुग्ण रोज बघायला मिळतील का? चुकले तर सांगणारं शेजारी कोण असेल? ‘डॉ.’ नंतरही लावता येतं.