रुग्णसाहाय्य : हक्क, संकोच आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी झालेले भाषण)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, देणगीदारांचे आभार मानले जातात, वधूवरांच्या याद्या फिरतात. आजारपणाविषयी बोलण्याचा मात्र प्रघात नाही. तथापि मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीचे काम पाहत असता आम्हांस जे दिसून आले, ते आपल्यापुढे न ठेवल्यास आम्ही कर्तव्यास चुकलो असे होईल.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आपल्यांतील एका कुटुंबाचे कर्ते गृहस्थ हृदयविकाराने रुग्णालयात होते. त्यांच्या पत्नीने पाटल्या मोडल्या, दिराने पतपेढीचे कर्ज काढले आणि बिल चुकते केले. रुग्णालय धर्मादाय होते आणि घरचे उत्पन्न पाहता सवलतीवर त्यांचा हक्क होता. पण तसे त्यांना कोणी सांगितले नाही. दोन महिन्यांनी हे कानी आले, तेव्हा आम्ही विचारले, “वहिनी, मंडळाकडे का आला नाहीत?” त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या स्मरणिकेत मदत घेणाऱ्यांची नावे छापून येतात. आमच्या मुलीचे लग्न व्हायचे आहे.” या उत्तराने आमची मान खाली गेली.

साहाय्याच्या वाटा नाहीत असे नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना घालून दिली, तिच्याप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने आपल्या खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या रकमेतून २ टक्के रक्कम निराळ्या निधीत जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आरंभी अनुक्रमे २५ हजार व ५० हजार रुपये होती. पुढे ती १ लाख ८० हजार व ३ लाख ६० हजारांपर्यंत वाढविण्यात आली. अत्यवस्थ रुग्ण आल्यास अनामत रकमेसाठी त्याला दारात ताटकळत ठेवता येत नाही, हेही त्याच योजनेत आहे. दुसरी वाट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. २०१२ साली निराळ्या नावाने आरंभ झालेल्या आणि २०१७ पासून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचे दार २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही उघडले असून संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. मात्र रुग्णालय व उपचार दोन्ही योजनेच्या यादीत असावे लागतात. तिसरी वाट मुख्यमंत्री साहाय्यता निधीची.

मग अडते कोठे? आमच्या अनुभवाने तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण कागदांची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा, शिधापत्रिका हवी, आधारपत्र हवे, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक हवे. वडील मुलाकडे मुंबईस, तर शिधापत्रिका गावी. सुनेचे नाव अजून माहेरच्या पत्रिकेवर. रुग्ण खाटेवर असताना मुलगा सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो.

दुसरी अडचण वेळेची. जन आरोग्य योजनेत उपचारापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. पैसे भरून घरी आल्यावर पावत्या दाखवून ते परत मागता येत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयातील आरोग्यमित्रास आणि वैद्यकीय समाजसेवकास भेटावे. निरोप घेताना भेटून उपयोग नाही.

तिसरी अडचण संकोचाची, आणि हिला सरकार जबाबदार नाही, आपण आहोत. आपला अर्ज चार पानी आहे. त्यावर दोन आजीव सभासदांच्या शिफारशी लागतात. तो मासिक सभेपुढे वाचला जातो आणि वर्षाअखेर नाव छापले जाते. निधीचा हिशेब चोख राहावा, या सद्हेतूनेच पूर्वसूरींनी हे नियम केले, यात शंका नाही. परंतु देणगीदाराचे नाव छापल्याने त्याचा गौरव होतो, तर घेणाऱ्याचे छापल्याने त्याचे दुःख चव्हाट्यावर येते.

म्हणून आमची मंडळास चार गोष्टींची विनंती आहे. अर्ज एका पानाचा करावा व शिफारशीची अट काढावी. निर्णय तिघांच्या समितीने दोन दिवसांत द्यावा आणि रक्कम थेट रुग्णालयात भरावी; हिशेब तपासनिसांनी पाहावा, पण स्मरणिकेत केवळ रुग्णांची संख्या व एकूण रक्कम द्यावी. प्रत्येक घराने उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिकेतील नावे आजच, सर्व धडधाकट असताना, नीट करून ठेवावीत. आणि शेवटचे म्हणजे, सेवानिवृत्त बंधुभगिनींपैकी काहींनी रुग्णासोबत रुग्णालयाच्या खिडकीपर्यंत जाण्याचे व्रत घ्यावे. आपला निधी लहान आहे; मोठ्या शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे तो पुरा पडणार नाही. परंतु जाणता मनुष्य सोबत असला, तर जे आपल्या पेटीत नाही तेही रुग्णाच्या पदरात पडू शकते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. निधी ज्ञातीने ज्ञातीसाठी उभारला, हे खरे. पण रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेली माउली कोणत्या ज्ञातीची, हे विचारून तिला अर्ज कसा भरावा ते सांगावे काय? माहिती दिल्याने निधी घटत नाही. आपल्या स्वयंसेवकाने ती विचारील त्या प्रत्येकास द्यावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

त्या वहिनींच्या पाटल्या आता परत येणार नाहीत. पुढच्या संमेलनापर्यंत आणखी कोणत्या घरच्या पाटल्या केवळ माहितीअभावी किंवा भिडेपोटी मोडल्या जाऊ नयेत, एवढे जरी आपल्या हातून घडले, तरी हे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.