बॉस नाही, मग सुट्टी कुणाला मागायची?

आमच्या कंपनीत मॅनेजरच नाही म्हटलं की मित्र म्हणतात, "मजा आहे राव तुझी!" आहेच. दुपारी जिमला गेलो तरी कुणी विचारत नाही. पण रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडा असला तरीही कुणी विचारत नाही ना! आणि सहाजणांच्या ग्रुपवर "चार दिवस नाहीये" टाकणं एका बॉसला सांगण्यापेक्षा जड जातं, कारण माझं काम त्यांच्याच अंगावर पडणार.

व्हॉल्व्ह ही अमेरिकन गेम कंपनी. 2012 मध्ये तिचं हँडबुक बाहेर आलं. टेबलांना चाकं, हव्या त्या प्रोजेक्टकडे ढकलत न्या! चर्चा चाकांचीच झाली. पण त्यात हेही होतं की ओव्हरटाइम लांबतच चालला, तर नियोजन नाहीतर संवाद मुळातच फसलाय.

नेदरलँड्सच्या ब्यूर्तझोर्खमध्ये तर 2006 पासून नर्सेस बॉसशिवाय काम करतात. टीम जास्तीत जास्त 12 जणांची, ड्युट्या त्याच लावतात. म्हणजे कोण कधी घरी, हे ठरलेलं. आमच्याकडे कोड रिव्ह्यूचे नियम पानभर, घरी जायचा एकही नाही.

म्हणून मी टीमपुढे ठेवलंय: रात्री आठनंतर मेसेज बंद, ऑन-कॉल आळीपाळीनं. दोघं म्हणाले, "मग बॉसच आणू की!" सोमवारी पुन्हा बसतोय. काय ठरतं ते पुढच्या भागात सांगतो.